पेटीतला कूलर आणि एप्रिलची खोली

पहिल्यांदा घरी संगणक जोडणारा माणूस प्रोसेसरवर महिनाभर विचार करतो, ग्राफिक्स कार्डवर दोन महिने करतो आणि कूलरवर दुकानदार बिल फाडत असताना करतो. एसीच्या खोलीत हे खपून जातं. चौक गावात खपत नाही.

चौक ज्या कर्जत-खालापूर पट्ट्यात येतं, तो रायगडचा आतला, घाटाच्या पायथ्याचा. अलिबागला दुपारी समुद्राचा वारा येतो. तो इथवर उशिरा पोचतो, कधी पोचतच नाही. उलट मार्च-एप्रिलात पूर्वेचा वारा सह्याद्री उतरून खाली येतो, आणि उतरताना दाबला जाऊन आणखी तापतो. कर्जतचा पारा चाळीस ओलांडल्याची बातमी म्हणूनच कोकणात राहूनही नवी वाटत नाही. अशा ठिकाणी, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या घरात, स्लॅबखालच्या वरच्या खोलीत पहिला संगणक उभा राहायचा आहे. त्यावर कूलर कुठला बसवायचा?

यावर ठाम मतं असलेली दोन माणसं बहुधा एकाच घरात निघतात. इथे ती मामा आणि भाची आहेत. मामा वीज मंडळात लागले, २००५ साली मंडळाचे तुकडे झाल्यावर महापारेषणकडे गेले आणि उपकेंद्रातले ट्रान्सफॉर्मर सांभाळत निवृत्त झाले. भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिची कमाई मात्र टेनिस क्रिकेटवर. रायगडात पाऊस थांबला की गावोगाव या स्पर्धा सुरू होतात, यूट्यूबवर थेट दिसतात, आणि सामना संपला की तासाभरात प्रत्येक संघाला आपल्या षटकारांचं संकलन हवं असतं. त्यात एप्रिल-मेची लग्नं आणि फार्महाऊसवरचे हळदीचे ड्रोन-व्हिडिओ. म्हणजे खोली सगळ्यात जास्त तापलेली असते तेव्हाच यंत्राला सगळ्यात जास्त काम.

भाची: मामा, माझं ठरलंय. तीनशे साठचा लिक्विड कूलर. तीन पंखे आणि डोक्यावर छोटा स्क्रीन. त्यावर तापमान दिसतं.

मामा: तापमान नंतर दिसू दे. काढायचे किती वॅट आहेत ते सांग.

भाची: रायझन ७, ७७००एक्स. एकशे पाच वॅट.

मामा: ते नेमप्लेटवर. मीटरवर किती?

भाची: सॉकेटमधून एकशे बेचाळीसपर्यंत ओढू शकतो.

मामा: मग एकशे पाच कशाला सांगतेस?

हा प्रश्न मामांनी कंपनीलाच विचारायला हवा होता. प्रोसेसरच्या खोक्यावर जो टीडीपी छापतात, तो कूलर बनवणाऱ्यांसाठी ठरवलेला एक आकडा असतो. तो प्रत्यक्ष वापर नसतो. एएमडीच्या या पिढीत ६५ वॅट लिहिलेला प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत जातो आणि १०५ लिहिलेला १४२पर्यंत. इंटेल निदान दोन आकडे देतं: आय५-१२४०० हा ६५ वॅटचा म्हणून विकला जातो आणि जोर लावला की ११७ वॅटपर्यंत जाईल, असं तीच कंपनी तक्त्यात सांगते. गेम खेळताना प्रोसेसर इतका क्वचित ओढतो. व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की सगळे कोअर जुंपले जातात आणि आकडा वरच्या टोकाला चिकटून बसतो. भाचीचं काम दुसऱ्या प्रकारचं आहे, म्हणून तिने वरचाच आकडा धरावा.

मामा: याच जातीचा कमी पिणारा मिळत नाही का?

भाची: ७७०० आहे, एक्स नसलेला. आठ कोअर तेवढेच. पासष्टचा, म्हणजे अठ्ठ्याऐंशीपर्यंत. कामात थोड्या टक्क्यांनी मागे. आणि त्याच्या खोक्यात कूलर फुकट येतो.

मामा: मग भांडण कशावर चाललंय?

भाची: फुकट मिळतो म्हणून चांगला असतो का मामा? लग्नात मिळालेली घड्याळं बघ.

मामा: घड्याळं चालतात सगळी. आपण सेल घालत नाही.

फुकटच्या कूलरची गंमत अशी की सगळे एकसारखे नसतात. ७६००सोबत येणारा रेथ स्टेल्थ म्हणजे ॲल्युमिनियमचा बुटका गोल ठोकळा आणि वर पंखा. ७७००सोबत येणारा रेथ प्रिझम त्याच्या बराच वरचा. त्यात तांब्याच्या चार उष्मानलिका असतात. एक्सवाल्या प्रोसेसरांसोबत काहीच येत नाही. शिवाय आपल्याकडे दुकानात ‘ट्रे’मधला प्रोसेसरही विकतात: खोका नाही, कूलर नाही, वॉरंटी बहुधा दुकानदाराच्या शब्दावर. हजारभर रुपये वाचल्याचा आनंद कूलर वेगळा घेताना मावळतो. तेव्हा पहिला प्रश्न प्रोसेसर घेतानाच विचारायचा, की खोक्यातला आहे की ट्रेमधला.

भाची: बरं, प्रिझम. मी रिव्ह्यू बघितलेत. ७७००वर तो चालतो.

मामा: रिव्ह्यूवाल्याची खोली किती अंशांची होती?

भाची: बावीस. काही जण चोवीस ठेवतात.

मामा: आणि तुझी?

भाची: …

मामा: वही घे. समज, एखादा कूलर दर वॅटमागे अर्धा अंश चढू देतो. अठ्ठ्याऐंशी वॅटला किती?

भाची: चव्वेचाळीस.

मामा: त्याच्या बावीसच्या खोलीत सहासष्ट. तुझ्या अडतीसच्या खोलीत ब्याऐंशी. कूलर तोच, प्रोसेसर तोच. आता तुझे एकशे बेचाळीस घाल.

भाची: एकाहत्तर. त्याच्याकडे त्र्याण्णव. माझ्याकडे एकशे नऊ. पण एकशे नऊ होणारच नाही, तो पंच्याण्णवला स्वतःच वेग कमी करतो.

मामा: म्हणजे एक्सचे जास्तीचे पैसे दिलेस आणि एप्रिलात एक्स काढून घेतला.

अर्धा अंश हा आकडा मामांनी हिशेबासाठी धरला आहे, कुठल्या विशिष्ट कूलरचा नाही. पण रीत खरी आहे, आणि खरेदीआधी प्रत्येकाने ती एकदा कागदावर करावी. कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या किती वर राहायचं ते ठरवतो. खोली सोळा अंशांनी वर गेली की सगळा जिना सोळा अंशांनी वर. अर्ध्या अंशाऐवजी दर वॅटला पस्तीस शतांश अंश चढू देणारा मोठा कूलर घेतला, तर तोच अठ्ठ्याऐंशी वॅटचा प्रोसेसर अडतीसच्या खोलीत एकोणसत्तरला थांबेल. एवढीच मोठ्या कूलरची करामत, आणि चौकमध्ये तिची किंमत पुण्यापेक्षा जास्त आहे.

इथे मामा जिंकल्यासारखे वाटतात. पण भाची पुढे जे बोलली त्याने माझंही एक मत सैल झालं.

भाची: मामा, पण पंच्याण्णवला तुम्ही लोक इतके घाबरता का? या पिढीबद्दल एएमडी स्वतः सांगते की पंच्याण्णवपर्यंत चालणं हे बिघाडाचं लक्षण नाही, तसंच बनवलंय. जागा असेल तेवढा वेग घ्यायचा आणि कडेला आलं की थांबायचं.

मामा: आमच्याकडे ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचा नियम आहे. नेमलेल्या तापमानावर सहा अंश चढला की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं. आणखी सहा चढला, पाव.

भाची: ते इन्सुलेशन कागदाचं. तेलात भिजवलेला कागद. कागद जळतो, कुजतो. इथे सिलिकॉन आहे.

मामा: सगळं सिलिकॉनच आहे का त्या बोर्डावर?

भाची: नाही. कपॅसिटर आहेत.

मामा: त्यांचं?

भाची: त्यांचं तुझ्यासारखंच. इलेक्ट्रोलाइटवाल्यांना दहा अंश कमी मिळाले की आयुष्य साधारण दुप्पट, असं धरतात.

मामा: मग त्यांच्यावर वारा कोण घालणार?

पहिल्यांदा जोडणाऱ्यांच्या यादीत हा प्रश्न नसतो. प्रोसेसरला वीज देणारी मंडळी, म्हणजे कॉइल, मॉस्फेट, कपॅसिटर, सॉकेटच्या कडेला दाटीने बसलेली असतात आणि तीही तापतात. खोक्यातला बुटका कूलर वरून खाली फुंकतो, त्यामुळे त्यांना आपोआप वारा मिळतो. उभ्या टॉवर कूलरचा वारा आडवा जातो, तरी बराचसा त्यांच्यावरून सरकतो. लिक्विड कूलरमध्ये प्रोसेसरवर फक्त पंप बसतो आणि पंखे रेडिएटरसकट जातात कॅबिनेटच्या छताला किंवा तोंडाला. प्रोसेसर थंड, शेजारी कोरडे. चांगल्या बोर्डावर मोठे हीटसिंक असतात, तिथे हे चालून जातं. पण पहिल्या संगणकाला आपण बोर्ड सहसा स्वस्तातला घेतो.

भाचीने तरी हार मानली नाही, आणि तिच्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा तिने आता काढला.

भाची: माझ्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डही आहे. आरटीएक्स ४०६०, एकशे पंधरा वॅट. त्याची गरम हवा कॅबिनेटमध्येच सुटते आणि टॉवर कूलर तीच पितो. रेडिएटर पुढे लावला की त्याला बाहेरची ताजी हवा मिळते.

मामा: आणि रेडिएटरमधून गरम होऊन आलेली हवा कोण पितो?

भाची: ग्राफिक्स कार्ड.

मामा: मग रेडिएटर वर लाव.

भाची: वर लावला की तो ग्राफिक्स कार्डची हवा पितो. कळलं, कळलं.

मामा: कुणीतरी कुणाचं उष्टं खाणारच. सगळे मिळून वॅट किती?

भाची: भिंतीतून अडीचशेच्या आसपास धर.

मामा: बसलेला माणूस शंभरेक वॅट उष्णता सोडतो. म्हणजे दार लावलेल्या दहा बाय दहात तुझ्याशिवाय अडीच माणसं एप्रिलच्या रात्री. कूलर त्यांना खोलीबाहेर काढत नाही. तो त्यांना खुर्चीवरून उठवून कोपऱ्यात बसवतो.

उष्णता शेवटी जाते कुठे, हा मामांचा आवडता प्रश्न आहे आणि तो विचारायला चौकसारखं ठिकाण नाही. याच रस्त्याने पनवेलकडे गेलं की हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत योट्टाचं एनएम१ नावाचं डेटा सेंटर आहे. २०२० च्या जुलैत ते सुरू झालं, क्षमता ७२०० रॅकची. तिथे एनव्हिडियाची एच१०० कार्डंही बसली आहेत. त्या कार्डाच्या सर्व्हरमधल्या रूपातला एक नग ७०० वॅटपर्यंत घेतो. भाचीने अर्थातच हा दाखला आणला. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मचाही आणला: २०१९ साली बसवलेला ७९७ टेराफ्लॉपचा महासंगणक, त्यात थेट प्रोसेसरला टेकलेल्या पट्ट्यांतून द्रव खेळवला जातो.

भाची: म्हणजे मोठी माणसं पाणीच वापरतात.

मामा: आपल्या गावठाणातली डीपी बघितलीस? तिला पंखा नाही, पंप नाही. तेल आणि बाहेरचे पंख. तेल तापतं, वर चढतं, पंखांत निवतं, खाली येतं. तीस वर्षं उन्हापावसात उभी राहते. उपकेंद्रातल्या मोठ्याला आधी तसंच चालवतात. लोड वाढला की पंखे सुरू होतात. आणखी मोठा असला तर तेलाला पंप. प्रत्येक पायरीला एक हलणारी वस्तू वाढते, आणि तिच्यावर डोळा ठेवायला एक माणूस. परम ब्रह्मला माणसं आहेत. तुझ्या खोलीत कोण आहे?

भाची: मी.

मामा: तू जूनमध्ये पुण्याला हॉस्टेलवर.

आता माझं मत. लिक्विड कूलर वाईट नाही. सोळा कोअरचा, दोनशे वॅटच्या वर जाणारा प्रोसेसर असेल तर मी मामांच्या विरोधात उभा राहीन. पण अठ्ठ्याऐंशी वॅटला तीन पंख्यांचा रेडिएटर लावण्यात आणखी एक अडचण आहे. या पिढीच्या रायझनवर वरचं धातूचं झाकण जाड आहे. आधीच्या सॉकेटचे कूलर चालावेत म्हणून उंची तेवढीच ठेवली. आत उष्णता नखाएवढ्या चिपमधून निघते आणि त्या जाड झाकणातून वर येतानाच तिचा बराच जिना चढून झालेला असतो. बाहेर कितीही मोठं धूड लावा, तो आतला भाग कमी होत नाही. पैसे दुप्पट-चौपट आणि फरक काही अंशांचा.

मामांनी मात्र एका जागी चुकीचा हट्ट धरला होता.

मामा: आणि आपल्याकडची हवा. जुलैत भिंतींना पाणी सुटतं. त्यात पाण्याचा कूलर. दव धरेल, थेंब पडतील बोर्डावर.

भाची: नाही धरणार.

मामा: फ्रिजमधली बाटली बाहेर काढ आणि बघ.

भाची: बाटली खोलीपेक्षा थंड असते, म्हणून. कूलरमधलं पाणी खोलीपेक्षा कधीच थंड नसतं. तुझ्याच हिशेबात खोलीच्या खाली जाता येत नाही ना? मग दव कशावर धरणार?

मामा गप्प झाले. त्यांचं स्वतःचं सूत्र त्यांच्यावर उलटलं होतं. पावसाळ्यात चालू संगणकाला दवाची भीती नाही. खरी भीती महिनाभर बंद पडलेल्या संगणकाला, कारण तेव्हा तो खोलीएवढाच थंड आणि खोलीएवढाच दमट असतो. ट्रान्सफॉर्मरच्या श्वासनळीत मामा सिलिका जेल घालायचे, निळं असेपर्यंत ठीक, गुलाबी झालं की बदलायचं. संगणकाला सोपा उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा तासभर चालवणं.

भाची: आणखी एक सांगू? टॉवर कूलरमध्येही पाणीच असतं.

मामा: त्या तांब्याच्या नळ्यांत?

भाची: हो. काही थेंब. आतली हवा काढून टाकलेली, त्यामुळे पाणी कमी तापमानालाच उकळतं. खाली वाफ होते, वर पंखांकडे जाते, तिथे निवून पुन्हा पाणी. आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो, तो पाणी टिपून परत खाली आणतो.

मामा: पंप नाही?

भाची: नाही. पाणी तो थरच परत आणतो, म्हणून तर कूलर आडवा लावला तरी चालतो. अशी नळी १९६३ मध्ये लॉस अ‍ॅलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हरने बनवली. अंतराळयानांसाठी.

मामा: म्हणजे डीपीच, पण तेलाऐवजी वाफ.

त्यानंतर मामांचा टॉवर कूलरवरचा राग गेला. तोवर ते फुकटच्या प्रिझमलाच धरून बसले होते.

आता धूळ. चौकसारख्या गावात कूलरची परीक्षा घेते ती धूळच. रिव्ह्यूत ती नसते. रस्त्यावर डंपर, पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं बांधकाम, हिवाळ्यात वीटभट्ट्या, कापणीनंतर भाताच्या गिरणीचा कोंडा. ही धूळ पावसाळ्यात दमटपणाने चिकट होते आणि पंखांवर थर धरते. टॉवर कूलरच्या पत्र्यांमध्ये फट मोठी असते. पंख्याच्या तारेच्या क्लिपा काढल्या की रंगाऱ्याच्या ब्रशने थर झटकता येतो. रेडिएटरच्या पंखांची नागमोडी जाळी फार दाट. तिथे थर बसला की ब्लोअर लागतो, आणि रेडिएटरच्या आतल्या बाजूला बसला तर पंखे सोडवून काढावे लागतात. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग घालवतो. पाली आणि मुंग्यांबद्दल मी जास्त लिहीत नाही. ज्यांच्या घरी इन्व्हर्टरमध्ये पाल शिरून मेली आहे त्यांना सांगायची गरज नाही. कॅबिनेटच्या मागच्या उघड्या पट्ट्या बंद ठेवाव्यात, एवढंच.

मामा: बिघडला तर?

भाची: टॉवरचा पंखा गेला तर एकशे वीस मिलिमीटरचा कुठलाही लावायचा. पनवेलला मिळतो.

मामा: आणि लिक्विडचा पंप?

भाची: तो बदलता येत नाही. सगळं सीलबंद. वॉरंटीत पाठवायचा.

मामा: तोवर?

भाची: तोवर बंद. पंप थांबला की प्रोसेसर मिनिटभरात कडेला जातो आणि मशीन बंद पडतं. टॉवरचा पंखा थांबला तर निदान हळूहळू चालतं.

मामा: आणि हळदीचा व्हिडिओ?

भाची: नवरी ओरडते.

सीलबंद कूलरचं आयुष्यही मर्यादित असतं. रबरी नळ्यांमधून पाणी वर्षांनुवर्षं अगदी थोडं थोडं झिरपून उडतं, आत हवेचा बुडबुडा वाढतो, तो पंपात आला की घरघर सुरू होते. म्हणूनच पंप सगळ्यात उंचावर येईल असं कधी बसवत नाहीत. कंपन्या तीन ते सहा वर्षांची वॉरंटी देतात, त्यावरून काय ते समजावं. टॉवर कूलरला झिजणारा भाग एकच, पंखा. या रायझनचं एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू असं एएमडीने जाहीर केलं आहे, म्हणजे प्रोसेसर बदलला तरी कूलर तोच राहील.

प्रिझमविरुद्ध भाचीची तक्रार उरली ती आवाजाची, आणि ती रास्त होती. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जोरात फिरावं लागतं. जोरात फिरला की किणकिण येते. मधल्या खोलीत आई झोपलेली, सामना संपलेला रात्री एकला, एक्सपोर्ट पहाटे तीनपर्यंत. एकशे वीसचा पंखा तेच काम संथपणे करतो.

शेवटी ठरलं ते असं: ७७०० घ्यायचा, खोक्यातला; सोबत दोन-तीन हजारांचा एकाच पंख्याचा टॉवर; आणि खोक्यातला प्रिझम कपाटात. लिक्विडचे उरलेले पैसे छोट्या यूपीएसला आणि मागच्या बाजूच्या एका चांगल्या पंख्याला. प्रिझम कपाटात ठेवण्याची कल्पना मामांची. उपकेंद्रात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला स्पेअर नसेल तर झोप लागत नाही. पण विचार केला तर तालुक्याच्या गावात तीच खरी वॉरंटी आहे.

हे सगळं आणायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जायचं म्हणजे कर्जतहून लोकल, दादरला बदलून ग्रँट रोड, आणि एक चुकीची वस्तू आणली की तेवढंच परत. म्हणून निघण्याआधी कॅबिनेटच्या तक्त्यात प्रोसेसर कूलरची कमाल उंची बघायची. भाचीच्या कॅबिनेटमध्ये एकशे साठ मिलिमीटर होती. नॉक्टुआचा नावाजलेला एनएच-डी१५ एकशे पासष्टचा, म्हणजे काचेचं दार लागलंच नसतं. डीपकूलचा एके४०० एकशे पंचावन्नचा, बसतो. शिवाय तो डी१५ पंख्यांसकट तेराशे ग्रॅमच्या वर. एवढं वजन उभ्या बोर्डाला लटकवून पुण्याच्या एसटीच्या डिकीत टाकायचं असेल तर विचार करावा. हलका टॉवर असला तरी नेताना कॅबिनेट आडवं ठेवायचं, बोर्ड जमिनीला समांतर.

मामा: बसवायला काय लागतं?

भाची: स्क्रूड्रायव्हर आणि धीर. एएम५ला बोर्डामागची पट्टी तशीच ठेवायची, समोरचे काळे प्लास्टिकचे कंस काढायचे. पेस्ट मधोमध, मटारच्या दाण्याएवढी.

मामा: जास्त लावली तर?

भाची: बाहेर सांडते. कमी लावली तर कोपरे कोरडे राहतात. धातूवर धातू दिसायला सपाट असतो, पण मध्ये हवेच्या बारीक फटी असतात, आणि हवा उष्णता वाहून नेत नाही म्हटलं तरी चालेल. पेस्ट फक्त त्या फटी भरायला.

मामा: स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे. फ्लँजचे बोल्ट आवळतात तसे.

भाची: ते मला सांगू नकोस. तू बेसखालची पिवळी फिल्म बघ. ती न काढता बसवणारे दर महिन्याला यूट्यूबवर सापडतात.

फिल्म मामांनी काढली. मग ती फेकू नये म्हणून प्रिझमच्या खोक्यात ठेवली, का ते त्यांनाच माहीत. पंख्याची वायर बोर्डावरच्या सीपीयू-फॅन लिहिलेल्या जागी गेली, पंखा रॅमकडून मागच्या जाळीकडे फुंकेल असा बसला. मागे लावलेला नवा पंखा उलटा बसला होता. तो दोघांच्याही लक्षात आला नाही, आईच्या आला. बाहेरून हात लावल्यावर वारा आत जातोय असं ती म्हणाली.

दुपारी तीनला, मुद्दाम, खिडकी बंद ठेवून.

भाची: मामा, खोली सदतीस. पाऊण तास एक्सपोर्ट चालू आहे. प्रोसेसर चौऱ्याहत्तर, आणि पंखा ऐकूही येत नाही.

मामा: बरं. आणि त्या कपॅसिटरपाशी?

भाची: तो सेन्सर मी लावलाच नाही बघायला.

मामा: मग एक्सपोर्ट थांबवू नकोस. कुठे असतो तो आकडा?